माळरानाला झाडांच्या हिशेबात धरू नका : वन विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव (वने), महसूल व वन विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वनबल प्रमुख), महाराष्ट्र राज्य, नागपूर
प्रत माहितीसाठी : केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : पर्जन्यछायेतील गवताळ माळांवर वृक्षलागवड आणि ग्रीन क्रेडिटसाठी (लागवड करणाऱ्याला श्रेयांक देणाऱ्या केंद्राच्या योजनेसाठी) जमिनी निश्चित करण्याबाबत

महोदय,

मी निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. नोकरीचा बहुतेक काळ दौंड, बारामती, इंदापूर या पट्ट्यात शेळ्यामेंढ्यांना लसी टोचण्यात गेला. पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषाराची लस द्यायची, म्हणजे कळप जिथे असतील तिथे जावं लागतं, आणि कळप असतात माळावर. त्यामुळे या पत्रात जे मांडतो आहे ते मी चालून पाहिलेल्या जमिनीबद्दल आहे. आपल्या खात्याशी वैर म्हणून हे लिहीत नाही. मोटारसायकलवर तहानभूक विसरून हिंडणारे वनरक्षक मी पाहिले आहेत, आणि पुणे वन विभागाने कडबनवाडी-शिर्सुफळच्या माळावर गवताळ सफारी सुरू केली याचं मला मनापासून कौतुक आहे. पण एका हाताने माळ लोकांना दाखवायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच्यावर खड्डे घ्यायचे, हे एकाच खात्यात कसं चालतं ते समजत नाही.

पॅरिस कराराच्या वेळी, २०१५ मध्ये, भारताने जगाला शब्द दिला की २०३० पर्यंत जंगल आणि झाडं वाढवून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका जादा साठा तयार करू. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या भारत वनस्थिती अहवालाप्रमाणे २००५ च्या तुलनेत २.२९ अब्ज टनांची भर पडली आहे. लक्ष्य हाताशी आलं आहे. आता राहिलेलं कुठून भरून काढायचं, हा प्रश्न नकाशासमोर बसलेल्या अधिकाऱ्याला पडणारच. नकाशावर 'पडीक', 'झुडपी', 'अवनत' असे शिक्के मारलेली मोकळी जागा त्याला कुठे दिसते? आमच्याकडे. दुष्काळी तालुक्यांत. जिथे सबंध वर्षात पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर लोक पाऊसपाणी बरं झालं म्हणतात.

मुळात मोजमापच असं आहे. एक हेक्टरहून मोठी जागा आणि तिच्यावर किमान १० टक्के वृक्षछत्र असलं की वन सर्वेक्षणाच्या दप्तरी ते वनाच्छादन. मग ती आमराई असो, नारळाची बाग असो नाहीतर निलगिरीचं रोपवन. मालकी कोणाची, झाड कोणतं, हे विचारात घेत नाहीत. छत्र १० टक्क्यांच्या खाली गेलं की जागा झुडपी ठरते. आणि नुसतं गवत असेल तर ती वनेतर जमीन. मारवेल, पवना, डोंगरी, कुसळ अशा गवतांनी भरलेला, मधूनमधून बोर, हिवर, खैर असलेला माळ या वहीत जमेच्या बाजूला येतच नाही. तोच माळ खणून गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, बाहेरून आणलेलं झाड) लावला की देशाचा कार्बन साठा वाढला!

गंमत म्हणजे याच वनस्थिती अहवालात कार्बनचं जे कोष्टक असतं त्यात भारतीय जंगलांतल्या एकूण कार्बनपैकी निम्म्याहून जास्त मातीत असल्याचं दिसतं. खोडात, फांद्यांत, पालापाचोळ्यात मिळून आहे त्यापेक्षा अधिक. झाडाखालची माती मोजायची आणि गवताखालची सोडून द्यायची, याला शास्त्रीय कारण काय?

गवताळ माळाचा कार्बन बहुतांशी जमिनीखाली असतो, आणि ते डोळ्यांनी दिसतं. चैत्रात एखाद्या माळावर नुकताच जेसीबीने सलग समतल चर काढलेला असतो. त्याच्या कडेला उकिडवं बसून पाहा. वर करपलेल्या कुसळीचे बोटभर खुंट, गुरांनी खाऊन उरलेले. खाली मात्र पहिली वीतभर माती मुळांनी अशी गच्च विणलेली असते की ढेकूळ उचलून आपटलं तरी चटकन फुटत नाही. त्याखाली मुरूम लागतो, पण मुळं थांबत नाहीत, फटीफटीतून हातभर आत गेलेली दिसतात. ओल्या दिवसांत याच मातीला काळपट रंग असतो आणि वास असतो. आता शेजारीच दोन पावसाळे खाल्लेला जुना चर बघा. उपसलेल्या बांधावरची माती फिकी, भुसभुशीत झालेली, अर्धीअधिक वाहून ओढ्याला गेलेली, मुळांचा मागमूस नाही. वरची माती उलथली की तिच्यात हवा खेळते, सूक्ष्मजीव त्यातला सेंद्रिय कार्बन खाऊन संपवतात आणि तो कार्बन डायऑक्साइड होऊन परत आभाळात जातो. कार्बन साठवण्याच्या कामाचा पहिला दिवस साठा फोडण्याने सुरू होतो. पुढे रोपं जगली तर वीस वर्षांत तो भरून निघेल, असं कोणी म्हणेल. पण पाचशे मिलिमीटरच्या मुरमाड माळावर रोपं किती जगतात, हे मी आपल्याला सांगायला नको.

जगतात त्यात गिरिपुष्प पहिला. भराभर वाढतो, जनावरं सहसा तोंड लावत नाहीत म्हणून राखणीचा खर्च नाही. पुण्याच्या टेकड्यांवर त्याची काय गर्दी झाली आहे ते सकाळी फिरायला जाणारा कुणीही सांगेल. आमची गवतं उन्हाची आहेत. डोक्यावर छत्र आलं की ती मागे हटतात. मग गवतावर जगणारं सगळंच मागे हटतं. काळवीट, चिंकारा, खोकड, लांडगा, धाविक, चंडोल. १९७९ मध्ये सोलापूरजवळच्या नान्नजसह ८,४९६ चौरस किलोमीटरचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं होतं. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं, आणि आज तिथे माळढोक दिसणं ही वर्तमानपत्राची बातमी होते. याला एकटी वृक्षलागवड जबाबदार आहे असं मी म्हणणार नाही. ऊस आहे, कालवे आहेत, विजेच्या तारा आहेत, शिकार आहे. पण माळ म्हणजे रिकामी जागा हा समज या सगळ्यांच्या मुळाशी आहे.

राज्याने २०१६ ते २०१९ या काळात लागवडीचे आकडे २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि मग ३३ कोटी असे चढवत नेले. एवढी झाडं लावायची म्हटल्यावर तालुक्याला उद्दिष्ट येतं, तालुक्यातून गावाला येतं, आणि गावात जागा शोधताना कुणी गवताची जात बघत बसत नाही. त्या मोहिमेचे हिशेब विधिमंडळात झाले, राजकारण झालं, त्यात मला शिरायचं नाही. पण 'किती लावली, किती जगली' या वादात 'कुठे लावली' हा प्रश्न राहून गेला तो गेलाच.

आता त्यात ग्रीन क्रेडिटची भर पडली आहे. २०२३ च्या नियमांखाली फेब्रुवारी २०२४ मध्ये जी कार्यपद्धती आली, तिच्यात वन खात्याच्या ताब्यातल्या अवनत जमिनी, म्हणजे विरळ जंगल, झुडपी आणि पडीक जमिनी, लागवडीसाठी नोंदवायच्या आणि हेक्टरी किमान १,१०० झाडं लावायची असं होतं. टीका झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये सुधारणा करून झाडांच्या संख्येऐवजी पाच वर्षांनी किमान ४० टक्के वृक्षछत्र ही अट आणली. सह्याद्रीच्या उतारावर ही सुधारणा चांगली ठरेलही. इंदापूरच्या माळावर ती जास्त घातक आहे. ४० टक्के छत्र म्हणजे गवत गेलंच. शिवाय हे क्रेडिट पर्यायी वनीकरणाच्या, म्हणजे तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात दुसरीकडे लागवड करण्याच्या, जबाबदारीपोटी दाखवता येतं. म्हणजे गडचिरोलीत खाणीसाठी सागाचं जंगल जाऊ शकतं, त्याची भरपाई म्हणून सोलापुरात एक माळ जाऊ शकतो, आणि वहीत दोन्ही बाजू जुळू शकतात.

हा घोळ एकट्या आपल्या राज्याचा नाही. उष्ण कटिबंधातल्या बहुतेक विकसनशील देशांनी कार्बनचे नैसर्गिक साठे सांभाळायचे म्हणजे झाडं सांभाळायची, असा अर्थ लावून घेतला आहे, आणि तसा लावायला पैसे देणाऱ्यांनी त्यांना शिकवलं आहे. ब्राझीलचं उदाहरण घ्या. तिथल्या वन कायद्याप्रमाणे ॲमेझॉनच्या जंगलात जमीनमालकाला ८० टक्के जमीन राखून ठेवावी लागते. शेजारच्या सेराडो या गवताळ-झुडपी प्रदेशात, जिथे झाडांची मुळं त्यांच्या खोडांपेक्षा मोठी असतात, हे प्रमाण बहुतेक ठिकाणी २० टक्के, काही भागात ३५ टक्के. २०२३ मध्ये ॲमेझॉनमधली तोड जवळपास निम्म्यावर आली म्हणून जगाने टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी सेराडोमधली तोड वाढली. सोयाबीनचा नांगर एका ठिकाणी अडवला, तो दुसरीकडे वळला.

आफ्रिकेत २०३० पर्यंत १० कोटी हेक्टर जमीन पुनरुज्जीवित करण्याचा संकल्प आहे. त्यातल्या लागवडीच्या योजना तपासणाऱ्या एका अभ्यासाने २०२४ मध्ये दाखवून दिलं की जवळपास फ्रान्सच्या क्षेत्रफळाएवढा प्रदेश असा आहे जिथे मुळात जंगल नव्हतंच, सवाना, म्हणजे विरळ झाडांचं गवताळ रान होतं. इंडोनेशियाने १९९० च्या दशकात कालीमंतानमधली सुमारे दहा लाख हेक्टर दलदल भातशेतीसाठी कालवे काढून सुकवली. भात आला नाही. हजारो वर्षं पाण्याखाली साठलेली वनस्पतींची काळी माती, पीट, उघडी पडली आणि वणव्यांत जळत राहिली. २०१५ च्या धुराने शेजारचे देशही गुदमरले. काँगो खोऱ्यातल्या दलदलीखाली सुमारे ३० अब्ज टन कार्बन आहे हे तर जगाला २०१७ मध्ये कळलं. तोवर उपग्रहाच्या चित्रात वरची झाडं दिसत होती, खालचं कुणी पाहिलं नव्हतं. आपला माळ काँगोच्या दलदलीएवढा श्रीमंत नाही, हे उघड आहे. सदाहरित जंगलाशीही हेक्टरी बरोबरी तो करणार नाही. पण त्याचा साठा जमिनीखाली आहे, वणव्यात वरचं गवत जळलं तरी तो जळत नाही, आणि दुष्काळात वाळलेलं गवत पहिल्या दोन पावसांत परत उभं राहतं. वाळलेलं गिरिपुष्पाचं रोपवन तसं उभं राहताना मी तरी पाहिलेलं नाही.

भारताने २०१९ मध्ये वाळवंटीकरणविरोधी परिषदेचं यजमानपद दिल्लीत भूषवलं आणि २ कोटी ६० लाख हेक्टर जमीन सुधारण्याची घोषणा केली. त्याच परिषदेला आपण दिलेल्या आकडेवारीत देशातली गवताळ जमीन २००५ ते २०१५ या दहा वर्षांत १ कोटी ८० लाख हेक्टरवरून १ कोटी २३ लाख हेक्टरवर आल्याचं नमूद आहे. दोन्ही कागद एकाच सरकारचे. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी चराऊ कुरणांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. फलक लागतील, भाषणं होतील. त्याच वर्षी कुरणाच्या कडेला चराईबंदीची पाटी नसावी, एवढी किमान अपेक्षा आहे.

कारण माळ सांभाळला कोणी, हा प्रश्न अजून बाकी आहे. आमच्याकडचे धनगर दिवाळीनंतर वाडे, म्हणजे कुटुंबं आणि कळपांचे तांडे, घेऊन निघतात, मावळ-कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडाशी परत येतात. वाटेत शेतकरी त्यांना बोलावून रानात मेंढ्या बसवतात, लेंडीखतासाठी. त्याचे पैसे किंवा धान्य मिळतं. पावसाळ्याचे चार महिने कळप माळावर असतो. कोणता पट्टा आधी, कोणता नंतर, कुठे गवत बी धरेपर्यंत थांबायचं, हे ठरलेलं असतं. लांडगा दर हंगामात दोन-चार कोकरं नेतो. शिव्या देतात, पण तो या व्यवहारात धरलेलाच आहे. ही व्यवस्था आता पूर्वीसारखी राहिलेली नाही हेही सांगतो. माळ आक्रसले तसे उरलेल्या माळांवर कळपांची दाटी झाली, काही ठिकाणी कुसळीशिवाय काही उरलेलं नाही, वेड्या बाभळीने कितीतरी गायरानं गिळली. असे माळ खरोखर अवनत आहेत. त्यांना काम हवं आहे : बाभूळ काढणं, मारवेल-पवन्याचं बी टाकणं, पाळीपाळीने चराई. खड्डे नव्हे. वन खात्यात गवताचं हे काम जाणणारी माणसं आहेत. त्यांना झाडांच्या उद्दिष्टातून सुट्टी द्या म्हणजे झालं.

कायदाही इथे मुका नाही. वन हक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(घ) मध्ये चराईचा हक्क आहे, एका जागी राहणाऱ्यांचा आणि फिरस्त्यांचाही. भटक्या पशुपालकांचा हंगामी वापरसुद्धा त्यात स्पष्ट लिहिला आहे. याच कायद्याच्या आधारे गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. ते जंगल आजही उभं आहे. माळाच्या बाबतीत असा दावा कुणी करू शकलेलं नाही असं नाही, पण अवघड आहे. धनगर महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नाहीत, त्यामुळे 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा पुरावा द्यायचा. जो माणूस आठ महिने फिरतीवर असतो त्याच्याकडे कुठल्या गावचा कागद असणार? इथे आपलं खातं मदत करू शकतं. जुन्या चराई पासांची, चराई शुल्काची नोंद आपल्याच दप्तरात असायला हवी. ती काढून द्या.

एक सावधगिरीही नोंदवून ठेवतो, कारण माळात कार्बन आहे म्हटलं की तो विकायला निघणारे आहेतच. उत्तर केनियात तेच झालं. पशुपालकांच्या कुरणांवर चराई नियोजित पद्धतीने करून घ्यायची, मातीत वाढलेल्या कार्बनची क्रेडिट्स परदेशी कंपन्यांना विकायची, असा प्रकल्प दशकभर चालला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्यातली दोन राखीव क्षेत्रं लोकांचा योग्य सहभाग न घेता, बेकायदेशीरपणे उभी केल्याचं ठरवलं. बोराना-सांबुरू लोकांची शेकडो वर्षांची चराई मोडून तिथे वेळापत्रक बसवलं होतं. आमच्या मेंढपाळांच्या नशिबी तसलं वेळापत्रक नको. माळाचा पैसा यायचाच असेल तर तो गवत राखणाऱ्याच्या आणि चराईची पाळी सांभाळणाऱ्याच्या हाती यावा, करार ग्रामसभेने वाचून केलेला असावा, आणि मोडण्याचा अधिकारही तिलाच असावा.

आता प्रत्यक्ष मागणी. पर्जन्यछायेतल्या गवताळ जमिनींना प्रत्येक विभागाच्या कार्य आयोजनेत, म्हणजे वनांच्या कामाच्या आराखड्यात, स्वतंत्र वर्ग द्या. त्यांना झुडपी किंवा अवनत म्हणून ग्रीन क्रेडिट आणि पर्यायी वनीकरणाच्या यादीत टाकू नका. आधीच टाकलेल्या असतील त्या वगळा. मातीतला कार्बन मीटरभर खोलीपर्यंत मोजा, लागवडीच्या आधी आणि पाच वर्षांनी, आणि आकडे लोकांपुढे ठेवा. माझं म्हणणं चुकीचं ठरलं तर ठरू द्या, पण ते आकड्यांनी ठरू द्या. झाडं लावायला जागा कमी नाहीत. ओढे-नाले आहेत, रस्त्यांच्या कडा आहेत, उजाड झालेले सह्याद्रीचे उतार आहेत, देवराया आहेत. तिथे स्थानिक झाडं लावा, आम्ही पाणी घालायला येऊ.

आणि तातडीची एक गोष्ट. पुढच्या पावसाळ्यासाठी जागा ठरवून खड्डे मार्च-एप्रिलमध्ये घेतले जातात, आणि गावाची संमती बहुधा २६ जानेवारी किंवा १ मेच्या ग्रामसभेत घेतली जाते. त्या दोन्ही दिवशी मेंढपाळ गावात नसतात, वाडा कोकणात असतो. संमती देणारे वेगळे आणि माळ वापरणारे वेगळे, असं दरवर्षी होतं. गवताळ माळावरच्या कुठल्याही कामाचा ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत घ्यावा, तोपर्यंत गट नंबरनिहाय यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी आणि खड्डे थांबवावेत, असं परिपत्रक काढायला विधेयक लागत नाही की केंद्राची परवानगी लागत नाही. आपली एक सही पुरते. ती या उन्हाळ्याआधी व्हावी.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
इंदापूर तालुका, जि. पुणे